अपघात झाल्यावर कंपनी ड्रायव्हरशी कशी वागते, हे नोकरी धरायच्या आधी कसं ओळखायचं?

लांबपल्ला
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज स्वतःच्या गरजेपोटी धागा काढतोय. मोबाईलवरून टाइपतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

ट्रेलर चालवायला लागून तीन वर्षं झाली. पहिली नोकरी चार महिन्यांपूर्वी सुटली, सुटली म्हणजे काढलंच. झालं असं की रात्री अडीच वाजता एका गोदामात रिव्हर्स घेत होतो, डॉक (माल चढवायची-उतरवायची जागा) अरुंद, लाइट एकच आणि तोही लांब, ट्रेलरचा मागचा कोपरा शेजारच्या गाडीच्या आरशाला लागला आणि आरसा फुटला. कोणी बघितलं नव्हतं, तो ड्रायव्हर आत झोपलेला. मीच त्याला उठवलं, फोटो काढले, कंपनीला फोन करून जसं झालं तसं सांगितलं. चौथ्या दिवशी चावी जमा कर म्हणाले. त्याच महिन्यात आमच्यातल्या एकाने गेटचा खांब वाकवला आणि गप्प बसला, तो आजही तिथेच आहे. मला त्याचा राग नाही, त्यालाही घर चालवायचंय, पण हे डोक्यातून जात नाहीये.

आता दोन ठिकाणाहून बोलावणं आहे. एक मोठी कंपनी, गाड्या नव्या, यार्डात मोठा बोर्ड की अपघाताविना इतके दिवस, अपघात नाही केला तर दर महिन्याला बोनस, आणि वर्षात दोन अपघात झाले की घरी. दुसरी मध्यम, पगार थोडा कमी, गाड्या चार-पाच वर्षं चाललेल्या. तिथे मी आरशाचं सांगितलं तर समोरच्या माणसाने कोरा कागद पुढे सरकवला, म्हणाला गाडी कशी उभी होती ते काढून दाखव. अर्धा तास त्यावरच गेला. लाइट कुठे होता, उतरून बघितलं का, किती वेळा बघितलं, आधीची ड्युटी किती झाली होती. बाहेर आलो तेव्हा कळेना की हे माझ्या बाजूने गेलं का विरोधात.

सेफ्टीची पॉलिसी कागदावर सगळ्यांचीच छान असते हो. खरी कशी ओळखायची, जाणकारांनी सांगा.

मागचा_आरसा
लांबपल्ला, आधी एक सांगतो, तू त्या ड्रायव्हरला उठवलंस ते बरोबर केलंस आणि उद्या पुन्हा तसंच कर.

बोर्डाबद्दल बोलतो कारण मी बावीस वर्षं गाडी चालवतोय आणि असा बोर्ड असलेल्या यार्डात त्यातली सहा काढलीत. आकडा तीनशेच्या वर गेलेला आणि बोनस सगळ्यांना मिळून, म्हणजे एकाचा अपघात झाला की सगळ्यांचा बोनस गेला. एका पोराचा केबिनमधून उतरताना पाय मुरगळला, पायरीचा पत्रा सुटला होता म्हणून. तो बोलला नाही, कारण महिन्याचे शेवटचे चार दिवस राहिले होते आणि कोणाकोणाचे हप्ते त्या बोनसवर होते. पायरी तशीच राहिली. दोन आठवड्यांनी दुसरा माणूस त्याच पायरीवरून पडला, मनगट मोडलं, तीन महिने घरी. त्या दिवशी बोर्ड शून्यावर आला आणि सगळे त्या पडलेल्या माणसावर चिडले, पायरीचा विषय कोणी काढलाच नाही.

बोनस देऊच नये असं नाही. पण बोनस कशाला देताय ते बघायचं. सकाळची गाडी नीट तपासली, बिघाड लिहून दिला, गती सांभाळली, याला देत असतील तर ते ड्रायव्हरच्या हातातलं आहे. 'अपघात कळला नाही' याला देत असतील तर मग कळणारच नाही.

एकच प्रश्न विचार त्यांना. तुमच्याकडे शेवटचा डेंट कोणी पाडला आणि तो माणूस आज काय करतोय. नाव नको म्हणावं. उत्तर द्यायला किती वेळ लागतो ते बघ.

नाईटहॉल
+१ मागचा_आरसा. त्या शेवटच्या प्रश्नाला तर +१००.

यार्डातली_ताई
मी ड्रायव्हर नाही, नऊ वर्षं सेफ्टी विभागात काम केलंय, म्हणजे जिथे ड्रायव्हरचा निकाल लागतो त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. म्हणून आतलं थोडं सांगते, लांब होईल.

पहिली गोष्ट म्हणजे 'चूक कोणाची' आणि 'टाळता आला असता का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि नवीन मुलांची इथेच फसगत होते. समजा एक कार तुमच्या पुढे घुसली, ब्रेक मारला आणि तुम्ही तिला मागून लागलात. पोलिसांच्या कागदावर चूक कदाचित तिची असेल. पण आम्ही व्हिडिओ बघतो तेव्हा ती घुसल्यावर तुम्ही काय केलंत ते बघतो, अॅक्सिलरेटरवरचा पाय लगेच उचललात का तसंच चिकटून चाललात. ताशी ९० किलोमीटरला गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तरी ३७ मीटर गेले आणि ब्रेक अजून लागलेलाच नाही, त्यात एअर ब्रेकला हवा पोचायला थोडा वेळ लागतो तो वेगळा. त्यामुळे चूक नसतानाही 'टाळता आला असता' असा शेरा येऊ शकतो. हा प्रश्न वाईट नाहीये. शिकण्यासाठी विचारला तर याच्याइतका चांगला प्रश्न नाही. मात्र तोच प्रश्न माणूस काढण्यासाठी वापरला तर उभ्या गाडीला कोणी येऊन ठोकलं तरी 'गाडी तिथे का लावली होतीस' म्हणता येतं, आणि मी असे निकाल लागताना बघितलेत.

म्हणून तुम्ही विचारायचं ते हे की हा शेरा मारतं कोण. एकटा सेफ्टी मॅनेजर, का कमिटी, त्या कमिटीत चालू ड्रायव्हर आहेत का. ड्रायव्हरला स्वतःचा व्हिडिओ दाखवतात का. निकाल पटला नाही तर लेखी दाद मागता येते का, किती दिवसांत, आणि दाद मागून निकाल बदलल्याचं एकतरी उदाहरण आहे का. शेरा रेकॉर्डवर किती वर्षं राहतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आरसा फुटणं आणि गाडी पलटणं या दोन्हींना कागदावर एकच शब्द आहे का दोन. तुमच्या त्या मोठ्या कंपनीत 'दोन अपघात की घरी' म्हणतात ना, मग अपघात म्हणजे काय हे त्यांनी लिहिलंय का?

दुसऱ्या कंपनीत कोरा कागद पुढे केला ते मला आवडलं. आम्ही पण असंच करायचो. ज्याला काढायचंच असतं त्याला कोणी चित्र काढायला सांगत नाही.

लांबपल्ला
ताई, मनापासून आभार. अपघात म्हणजे काय ते त्या मोठ्या कंपनीच्या कागदात नाहीये, आत्ता परत बघितलं. फक्त 'कोणताही अपघात' असं आहे.

छोटामालक
मी दुसऱ्या बाजूने लिहितो, राग मानू नका. माझ्या सात गाड्या आहेत आणि मी स्वतः चौदा वर्षं स्टिअरिंगवर होतो.

इथे सगळे कंपनीला शिव्या घालायच्या तयारीत दिसतात पण सात गाड्यांच्या मालकाचा हिशोब वेगळा असतो. प्रत्येक क्लेममध्ये पहिला भाग माझ्या खिशातून जातो, गाडी वर्कशॉपला उभी ती कमाई बंद, आणि पुढच्या वर्षी विम्याचा हप्ता सातही गाड्यांचा वाढतो, ठोकलेल्या एकट्या गाडीचा नाही. म्हणजे एकाच्या निष्काळजीपणाचा भार उरलेल्या सहा ड्रायव्हरांच्या पगारवाढीवर येतो. मी आत्तापर्यंत दोन माणसं काढलीत. एकाने तीन महिन्यांत दोनदा रिव्हर्समध्ये ठोकली, दोन्ही वेळा उतरून बघितलं नव्हतं, पहिल्यानंतर मी स्वतः दोन दिवस त्याच्याबरोबर यार्डात उभा राहून शिकवलं होतं तरी. दुसरा फोन हातात धरून चालवताना दिसला, त्याला एकही अपघात झाला नव्हता तरी काढला. मला दोन्ही निर्णय आजही बरोबर वाटतात.

कडक असणं म्हणजे वाईट कंपनी असं समजू नका.

यार्डातली_ताई
छोटामालक, तुम्ही म्हणताय त्यातलं काहीच मला नाकारायचं नाही. उलट तुमचा दुसरा ड्रायव्हर हे चांगल्या पॉलिसीचं उदाहरण आहे असं मी म्हणेन, कारण तुम्ही वागणं बघून काढलंत, अपघात व्हायची वाट बघितली नाहीत. पुष्कळ कंपन्या याच्या बरोबर उलट करतात. वर्षभर फोनवर बोलत चालवणाऱ्याला नशिबाने काही झालं नाही तर त्याला सेफ्टीचं बक्षीस देतात आणि सगळे नियम पाळणाऱ्याचा एक आरसा फुटला तर त्याला काढतात.

आणि तुम्ही विम्याचं काढलंत ते बरं झालं, मी लिहायची विसरले होते. लांबपल्ला, हे नीट वाचा. लहान आणि मध्यम कंपन्यांत अनेकदा मालकाला ड्रायव्हर ठेवायचा असतो पण विमा कंपनी त्या ड्रायव्हरला कव्हर करायला नाही म्हणते, मग मालकाचे हात बांधले जातात. तेव्हा 'आम्ही तुला सांभाळून घेऊ' या तोंडी शब्दाला अर्थ राहत नाही. तुमच्या आधीच्या रेकॉर्डसकट विमा कंपनीने तुम्हाला मंजूर केलंय का हे दुसरी ऑफर सोडायच्या आत विचारा.

छोटामालक
अगदी बरोबर. मला स्वतःला एक चांगला माणूस यामुळे घेता आला नाही.

हिशेबी
आकड्यांचं कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. अमेरिकेत कंपनीचं रेकॉर्ड सरकारी साइटवर फुकट बघता येतं, एफएमसीएसए म्हणून ट्रक-बसच्या सुरक्षिततेची जी सरकारी संस्था आहे तिच्याकडे, कंपनीचा डॉट नंबर (तिथल्या वाहतूक खात्याचा नोंदणी क्रमांक) टाकला की गेल्या २४ महिन्यांतले अपघात, रस्त्यावरच्या तपासण्या, तपासणीत किती गाड्या जागेवर थांबवल्या ते सगळं दिसतं. पण ते वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, तिथे अपघात म्हणजे ज्यात कोणी गेलं, किंवा जखमीला उपचारासाठी तिथून हलवावं लागलं, किंवा एखादी गाडी टो करून न्यावी लागली एवढेच. म्हणजे लांबपल्लाचा आरसा तिथे येणारच नाही, त्याला कसं वागवलं ते तर नाहीच नाही. दुसरं, त्या यादीत चूक कोणाची हे न बघता सगळे अपघात येतात. २०२० पासून ठराविक प्रकारच्या अपघातांसाठी, म्हणजे मागून कोणीतरी ठोकलं वगैरे, कंपनीला पुरावा देऊन 'टाळता येण्यासारखा नव्हता' अशी नोंद मागता येते. कंपनी ती मागते का, का आळस करते, हाही एक अंदाज येतो. आणि गाड्या किती, मैल किती हे बघितल्याशिवाय नुसता अपघातांचा आकडा बघू नका. हजार गाड्यांचे दहा अपघात आणि वीस गाड्यांचे दहा यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

माझं लक्ष सगळ्यात आधी कुठे जातं सांगू का, अपघातांवर जातच नाही, तपासणीत ब्रेक, टायर आणि लाइटसाठी गाड्या किती वेळा थांबवल्या त्यावर जातं. अपघातात नशिबाचा भाग असतो हो, घासलेल्या टायरमध्ये नसतो.

लांबपल्लासाठी अजून एक. तिकडे नवीन मालकाला तुमच्या गेल्या तीन वर्षांच्या मालकांकडे चौकशी करावी लागते आणि त्यांनी काय कळवलं ते बघण्याचा, चुकीचं असेल तर दुरुस्त करून मागण्याचा आणि ते नाही म्हणाले तर आपलं म्हणणं त्याला जोडून द्यायचा हक्क ड्रायव्हरला आहे. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. तुम्ही जिथे आहात तिथे अशी सोय आहे का ते बघा, कारण जुन्या कंपनीने फाइलमध्ये नुसतं 'अपघात' लिहिलंय का 'स्वतः कळवला, आरसा फुटला' लिहिलंय यावर पुढची पाच दारं उघडतात नाहीतर बंद होतात.

रात्रपाळी
अपघात झाल्यावरचं सगळे बोलताय, मी अपघात व्हायच्या आधीचं बोलतो. कंपनी कळते ती ड्रायव्हर 'मी आत्ता निघत नाही' म्हणतो तेव्हा.

दोन वर्षांपूर्वी मी पहाटे चारपासून जागा, त्यात नऊ तास लोडिंगची वाट बघण्यात गेले, रात्री नऊला माल भरला आणि डिस्पॅचर (कुठली गाडी कधी कुठे पाठवायची ते ठरवणारा) म्हणाला नीघ, सकाळी सहाला पोचायचंय. कागदावर माझे ड्रायव्हिंगचे तास शिल्लक होते पण मी सतरा तास जागा होतो. १९९७ सालचा एक अभ्यास आहे, सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं हातडोळ्यांचं काम रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाएवढं उतरतं आणि चोवीस तासांना ०.१० च्या आसपास जातं. मला तेव्हा हे माहीत नव्हतं, फक्त डोळे जळत होते आणि एकच ओळ तीनदा वाचावी लागत होती. मी म्हणालो झोपून निघतो. तो म्हणाला ठीक आहे, पण उद्यापासून लोड मिळतो का बघ. आणि खरंच पुढचे सहा दिवस मला गाडी दिली नाही. त्या कंपनीच्या भिंतीवर लिहिलं होतं की थकल्यावर गाडी थांबवणं हा तुमचा हक्क आहे. काढलं नाही हो मला, म्हणून तक्रार तरी काय करणार. नुसतं बसवून ठेवलं.

तेव्हा पॉलिसी वाचण्यापेक्षा डिस्पॅच आणि सेफ्टी यांच्यात शेवटचा शब्द कोणाचा ते विचारा. रात्री दोन वाजता सेफ्टीचा फोन उचलतं का कोणी? डिस्पॅचरला पैसे कशावर मिळतात, वेळेवर पोचलेल्या लोडवर का अजून कशावर?

मागचा_आरसा
रात्रपाळी, तुझं वाचून अंगावर काटा आला. त्या रात्री तू निघाला नाहीस हे फार बरं झालं.

हिशेबी
रात्रपाळी, तुमच्या मुद्द्याला जोड देतो. युरोपात नियमच आहे, २००६ चा ५६१ नंबरचा, त्यात साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायचं, दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदा दहापर्यंत. पण त्याच नियमात अजून एक कलम आहे जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, की किती अंतर कापलं किंवा किती माल नेला यावर पगार किंवा बोनस असा ठेवायचा नाही की ज्याने रस्त्यावरची सुरक्षितता धोक्यात येईल. म्हणजे पगाराची पद्धत हीच सेफ्टीची पॉलिसी आहे हे तिथे कायद्यानेच धरलंय. अमेरिकेत अकरा तास ड्रायव्हिंग, तेही ड्युटी सुरू झाल्यापासून चौदा तासांच्या आत, आणि गाडी असुरक्षित आहे म्हणून न्यायला नकार दिला म्हणून शिक्षा केली तर १९८२ च्या कायद्याखाली तक्रार करता येते, पण ती १८० दिवसांच्या आत. आणि तुम्हाला जसं सहा दिवस बसवलं तसं बसवणं हेही शिक्षेतच मोडतं, फक्त ते सिद्ध करायला मेसेज जपून ठेवावे लागतात. फोनवर बोलणं झालं तरी नंतर एक ओळ लिहून पाठवायची, 'मी सतरा तास जागा असल्यामुळे आत्ता निघत नाही'. एवढीच.

ऑस्ट्रेलियात तर माल पाठवणारा, भरणारा, वेळापत्रक आखणारा सगळ्यांना जबाबदार धरतात. एकट्या ड्रायव्हरच्या माथी मारत नाहीत. नऊ तास ज्यांनी तुम्हाला डॉकवर बसवून ठेवलं त्यांनाही विचारलं गेलं पाहिजे की नको?

घरून
मी ड्रायव्हरची बायको आहे, गाडीतलं मला कळत नाही पण एक विचारावंसं वाटतं, ते कोणीच लिहिलं नाही.

मोठा अपघात झाला तर त्या माणसाचं काय? माझ्या नवऱ्याच्या गाडीसमोर एक मोटरसायकलवाला आला, चुकीच्या बाजूने, आणि गेला. ह्यांची चूक नव्हती, कॅमेऱ्यात स्पष्ट होतं, पुढे कुठलाच आरोप लागला नाही. पण त्या रात्री कंपनीचा पहिला फोन आला तो 'माल ठीक आहे का' म्हणून. दुसरा फोन गाडी कधी हलवता येईल म्हणून. हे रस्त्याच्या कडेला बसलेले, कपड्यांवर रक्त, आणि मला ते त्यांच्याकडूनच पहाटे कळलं. चौथ्या दिवशी परत गाडीवर पाठवलं, त्याच रस्त्याने. ते अजूनही मोटरसायकल बाजूने गेली की एकदम गप्प होतात, मला शेजारी बसून कळतं.

मला कायदा माहीत नाही. पण नोकरी धरताना एवढं विचारा की असं झालं तर तुम्ही कोणाला पाठवता, किती वेळात पाठवता, घरी कोण कळवतं, आणि माणसाला परत गाडीवर कधी बसवता. याची उत्तरं ज्यांच्याकडे आधीपासून तयार आहेत त्यांनी निदान कधीतरी बसून विचार केलाय.

यार्डातली_ताई
घरून, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहवलं नाही. तुमच्या यजमानांना कोणाशी तरी बोलायला मिळालंय का, म्हणजे डॉक्टर किंवा समुपदेशक? नसेल तर अजूनही उशीर झालेला नाही, खरंच सांगते. असं होणं हा कमकुवतपणा नाही.

आमच्याकडे मी असताना एक नियम आम्ही भांडून करून घेतला होता. मोठा अपघात झाला की पहिल्या फोनवर मालाचा आणि गाडीचा शब्द काढायचा नाही. तुला लागलंय का, तू सुरक्षित जागी आहेस का, मदत बोलावली का, बस. नंतर आमचा एक माणूस जागेवर जायचा, दुसरा घरी फोन करायचा, आणि पोलिसांसमोर जबाब द्यायचा तर वकील कंपनीच्या खर्चाने. वकिलाबद्दल एक बारीक गोष्ट आहे, तो कंपनीचा वकील असतो की ड्रायव्हरचा हे विचारायचं, कारण प्रकरण वाढलं की दोघांचं हित कधीकधी वेगळं होतं.

अमेरिकेसारख्या ठिकाणी जीव गेला असेल तर दारूची तपासणी दोन तासांत व्हायला पाहिजे, आठ तास उलटले की मग करायचीच नाही, आणि ड्रग्जची ३२ तासांत. ड्रायव्हरला वाटतं आपल्यावर संशय घेतायत. कंपनीने आधीच समजावून ठेवलं असेल तर तीच तपासणी त्याच्या बाजूचा पुरावा ठरते, हे त्याला त्या अवस्थेत कोणी सांगायचं?

हिशेबी
भारतात तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ ड्रायव्हरवर जखमीला दवाखान्यात पोचवायची जबाबदारी टाकतं, पण त्यातच लिहिलंय की जमाव भडकल्यामुळे किंवा हाताबाहेरच्या कारणाने ते शक्य नसेल तर सूट. म्हणजे जमाव धावून येतो हे कायदा लिहिणाऱ्यांना सुद्धा ठाऊक होतं. मग ज्या कंपन्या तिथे गाड्या चालवतात त्यांनी ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवायला नको का की जमाव आला तर कुठे जायचं, कुठल्या पोलीस ठाण्यात हजर व्हायचं, कोणाला फोन करायचा? पळून गेला म्हणून ओरडणं सोपं आहे.

नाईटहॉल
आत तोंड करून लावलेल्या कॅमेऱ्याबद्दल काय मत आहे लोकांचं? मला ऑफर आहे तिथे केबिनमध्ये पण कॅमेरा आहे, मला ते नको वाटतंय.

मागचा_आरसा
मलाही नको वाटायचा. पण माझ्या एका अपघातात रस्त्याकडे बघणाऱ्या कॅमेऱ्यानेच मला वाचवलं, नाहीतर चार साक्षीदार सांगत होते की ट्रकच लाल सिग्नलमध्ये घुसला. बाहेरच्याला माझी ना नाही. आतल्याचं विचारायचं ते एवढं की झोपेच्या वेळी बंद होतो का, फुटेज कोण बघतं, आणि सतत बघतात का काही घडलं तरच. आमच्याकडे जांभई दिली की मेसेज यायचा 'सावध राहा'. अरे, जांभई आली म्हणजे मी थकलोय, मग थांब म्हण ना, सावध काय राहू. थांब म्हणणारा मेसेज मी आजपर्यंत एकदाही बघितला नाही.

छोटामालक
हा मुद्दा पटला. मी पण बाहेरचाच लावलाय.

रात्रपाळी
पगारातून कापून घेण्याचं पण विचारा रे. काही ठिकाणी अपघाताची रक्कम हप्त्याहप्त्याने पगारातून कापतात आणि करारात ते कुठल्यातरी एका ओळीत असतं. अनेक देशांत असं मनमानी कापता येत नाही, पण सही केलेली असते म्हणून लोक गप्प बसतात.

लांबपल्ला
मंडळी, अपडेट देतो. गेले तीन दिवस तुमचे सगळे प्रतिसाद वहीत उतरवून काढले आणि आज दोन्हीकडे फोन केला.

मोठ्या कंपनीत आधी विचारलं की अपघात म्हणजे काय धरता. बाई म्हणाल्या कोणताही. आरसा सुद्धा? हो, कोणताही. मग विचारलं शेवटचा अपघात करणारा आज कुठे आहे. त्या म्हणाल्या आमच्याकडे अपघात होतच नाहीत, तुम्ही बोर्ड बघितला असेल. मी म्हणालो बघितला. मग रात्री सेफ्टीला फोन लावायचा तर नंबर कोणता विचारलं, तर म्हणाल्या रात्री डिस्पॅचच बघतं सगळं.

दुसऱ्या कंपनीत त्याच कागदवाल्या माणसाने फोन घेतला. शेवटचा डेंट विचारल्यावर लगेच म्हणाला गेल्या महिन्यात, एकाने रिव्हर्समध्ये डॉकचं रबर फाडलं. त्याला दीड दिवस गाडीवरून उतरवलं, ट्रेनरबरोबर यार्डात रिव्हर्स करायला लावलं, पगार चालू ठेवून, आणि त्या डॉकचा लाइट बंद होता म्हणून गोदामाला पत्र टाकलं की लाइट लागेपर्यंत रात्री आमची गाडी तिथे लागणार नाही. मी विचारलं त्याच्याशी बोलता येईल का. म्हणाला त्याला विचारून कळवतो, आणि संध्याकाळी त्या ड्रायव्हरचाच मला फोन आला! तो म्हणाला पहिल्या दिवशी फार अपमान वाटला, सगळ्यांसमोर शिकाऊसारखं प्लास्टिकच्या शंकूंमधून गाडी काढायची, पण नोकरी राहिली. त्याने हेही सांगितलं की इथे वर्कशॉप हळू आहे, बिघाड लिहून दिला की गाडी दोन-दोन दिवस उभी राहते आणि तेवढा वेळ कमाई कमी होते. आणि दोन महिन्यांपूर्वी एकाला काढलं, त्याने ठोकून लपवलं होतं म्हणून, आरसाच फुटला होता त्याचाही.

ते ऐकून मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

घरून ताईंचे प्रश्न पण विचारले. जागेवर कोण जातं याचं उत्तर होतं त्याच्याकडे, घरी कोण कळवतं याचं नव्हतं. म्हणाला हे लिहून घेतो. खरंच लिहून घेतलं का माहीत नाही पण मला प्रश्न परत एकदा सांगायला लावला.

मी दुसरीकडे हो म्हणायचं ठरवलंय. जुन्या कंपनीला लेखी पत्र पाठवलं की माझ्या फाइलमध्ये अपघात मी स्वतः कळवला असं लिहा. विमा कंपनीकडून अजून मंजुरी यायची आहे, सोमवारपर्यंत येईल म्हणतात.

छोटामालक
अभिनंदन. पहिले सहा महिने प्रत्येक रिव्हर्सला उतरून बघ, पाऊस असो की मागे दहा गाड्या हॉर्न वाजवत असोत.

घरून
त्यांनी प्रश्न परत सांगायला लावला हे वाचून बरं वाटलं. ताई, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, ह्यांच्यासाठी गुरुवारची वेळ घेतली आहे डॉक्टरांकडे. मी बरोबर जाणार आहे.

यार्डातली_ताई
घरून, फार चांगलं केलंत.

लांबपल्ला, सोमवारी मंजुरी तोंडी नको, ईमेलवर मागा, आणि ती हातात येईपर्यंत मोठ्या कंपनीला नाही कळवू नका.

लांबपल्ला
हो ताई, तसंच करतो. सोमवारी इथेच लिहितो.